जुनी पॅलेट आणि पॅकिंगच्या पेट्यांचं लाकूड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण, भोसरी, अंबड, वाळूज, तळोजा अशा औद्योगिक भागांत आणि न्हावाशेवाच्या गोदामांभोवती पॅलेट (माल रचून उचलण्यासाठी फळ्या ठोकून केलेले पाट) आणि यंत्रांच्या लाकडी पेट्या रोज मोडीत निघतात. त्यातलं बरंचसं लाकूड जळणात जातं. काही फळ्या उत्तम फर्निचर होण्याच्या लायकीच्या असतात, काहींना घरात आणूही नये. त्या वेगळ्या कशा करायच्या, हे विचारणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली माहिती दुसरीकडे लागते तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पॅलेट मिळतात कुठे, आणि घेताना काय विचारायचं?

मोठ्या कारखान्यांचं भंगार ठेकेदाराला दिलेलं असतं. गेटवरच्या माणसानं "घेऊन जा" म्हटलं तरी तो माल बहुतेक वेळा ठेकेदाराचा असतो, म्हणून खरेदी ठेकेदाराकडून किंवा पॅलेट दुरुस्त करून विकणाऱ्याकडून करावी. टाइल, काच, छपाईचा कागद आणि यंत्रांचे सुटे भाग विकणारी छोटी दुकानं पेट्या नुसत्याही देतात. त्यांना ती अडगळच असते. पैसे दिले असोत वा नसोत, बिल किंवा गेट पास मागून घ्या. टेम्पो वाटेत अडवला तर तोच कागद कामी येतो.

विचारायचा मुख्य प्रश्न एकच: "यावर काय आलं होतं?" उत्तर "काच" किंवा "मोटारी" असेल तर पुढे बघा. "केमिकल", "ड्रम", "पावडर" असं उत्तर आलं, किंवा कुणाला सांगताच आलं नाही, तर आधी प्रश्न ६ वाचा.

२. रस्त्याकडेला निळं रंगवलेलं पॅलेट पडलंय. उचलू का?

नाही. संपूर्ण निळं पॅलेट बहुधा चेप कंपनीचं असतं. अशा कंपन्या पॅलेट विकत नाहीत, भाड्यानं देतात. ते कुठेही पडलेलं असलं तरी मालकी त्यांचीच राहते. इतर रंगांची आणि कंपनीचं नाव कोरलेली भाड्याची पॅलेटही असतात. बाजूच्या ठोकळ्यावर नाव किंवा "मालमत्ता" अशा अर्थाचा मजकूर दिसला तर हात लावू नका. रंग न दिलेलं, साध्या लाकडाचं, एकदाच वापरायचं पॅलेट हेच आपल्या कामाचं.

३. लाकडावर गव्हाच्या लोंबीचं चित्र आणि काही अक्षरं जाळलेली आहेत. त्यांचा अर्थ काय?

हा आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का. पॅकिंगच्या लाकडातून किडी एका देशातून दुसऱ्या देशात जातात. १९९६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सापडलेला आशियाई लांब शिंगांचा भुंगेरा असाच चीनहून आलेल्या पेट्यांमधून पोचला आणि तिथली झाडं तोडावी लागली. अशा अनुभवांनंतर २००२ मध्ये हे मानक आलं. शिक्क्यात चार गोष्टी असतात:

- लोंबीचं चिन्ह, सोबत आयपीपीसी (आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार) ही अक्षरं.
- देशाचा दोन अक्षरी कोड. भारताचा आयएन, जर्मनीचा डीई, न्यूझीलंडचा एनझेड, चीनचा सीएन, व्हिएतनामचा व्हीएन.
- पॅलेट बनवणाऱ्याचा किंवा त्यावर प्रक्रिया करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक.
- प्रक्रियेचा कोड. एचटी म्हणजे उष्णता: लाकडाच्या गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं. डीएच म्हणजे मायक्रोवेव्हसारख्या लहरींनी तापवणं: सगळ्या जाडीत ६० अंश, सलग १ मिनिट. एमबी म्हणजे मिथिल ब्रोमाइड वायूची धुरी आणि एसएफ म्हणजे सल्फ्युरिल फ्लोराइडची.

त्याशेजारी केडी दिसलं तर लाकूड भट्टीत सुकवलेलं आहे. डीबी म्हणजे साल काढलेलं. साल काढणं २००९ पासून सगळ्यांनाच बंधनकारक झाल्यानं डीबी लिहिण्याची गरज उरलेली नाही, त्यामुळे ते नसलं तरी काही बिघडत नाही.

बनावट शिक्केही चालतात. खरा शिक्का हातानं रेखाटलेला नसतो. तो शक्यतो समोरासमोरच्या निदान दोन बाजूंवर असतो आणि लाल किंवा नारिंगी शाई टाळलेली असते, कारण ते रंग धोकादायक मालाच्या खुणांसाठी राखलेले आहेत. शिक्क्याच्या पॅलेटवर सालीचे मोठे पट्टे दिसले तर संशय घ्या. सालीचा तुकडा ३ सेंटीमीटरपेक्षा अरुंद असेल तर कितीही लांब चालतो. त्याहून रुंद असेल तर प्रत्येक तुकडा ५० चौरस सेंटीमीटरच्या आत हवा.

हा शिक्का कीड मारल्याची खूण आहे. लाकडाची जात, त्याचा आजचा कोरडेपणा, त्यावर काय सांडलं, यातलं काहीही तो सांगत नाही. शिक्का बघून फळी निवडणाऱ्यांची फसगत नेमकी इथेच होते.

४. शिक्काच नाही. म्हणजे पॅलेट वाईट का?

तसं नाही. देशांतर्गत वाहतुकीच्या पॅलेटला शिक्का लागतच नाही. प्लायवूड, पार्टिकल बोर्ड आणि ६ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकूडही या मानकातून वगळलेलं आहे, म्हणून प्लायच्या पेट्या बिनशिक्क्याच्या असतात. बिनशिक्क्याच्या लाकडात जिवंत कीड असण्याची शक्यता मात्र जास्त, त्यामुळे ते घरातल्या इतर लाकडाजवळ ठेवण्याआधी प्रश्न १४ मधली कागदाची चाचणी करा.

५. एमबी लिहिलंय. ते विषारी आहे का?

धुरी देताना मिथिल ब्रोमाइड अत्यंत विषारी असतो. मानकानुसार २१ अंश किंवा जास्त तापमानाला घनमीटरला ४८ ग्रॅम वायू आणि २४ तास बंदिस्त जागा लागते. पण तो वायू आहे आणि हवेत उडून जातो. महिनोन्‌महिने उघड्यावर फिरलेल्या पॅलेटमध्ये तो टिकून राहत नाही. तरीही अन्नाला लागणाऱ्या वस्तू, पाळणे, खेळणी आणि झोपायच्या खोलीतलं सामान यांसाठी एमबीचं लाकूड वापरू नका. एचटीची पॅलेट भरपूर मिळत असताना ती शंका घरात कशाला आणायची? ओझोनच्या थराला घातक म्हणून माँट्रियल करारानं या वायूचा इतर वापर जवळपास संपवला. माल पाठवण्यापूर्वीच्या धुरीला तेवढी सूट आहे, म्हणून हा कोड अजून दिसतो.

६. कोणत्या डागांचं लाकूड सरळ टाकून द्यावं?

तेलकट, आत मुरलेले डाग. पांढरी किंवा रंगीत भुकटी बसलेल्या चिरा. कीटकनाशकाचा, फिनेलचा, विरघळवणाऱ्या द्रवांचा वास. ड्रमच्या बुडाचे गोल गडद ठसे. आणि कच्चं मांस-मासळी वाहिलेली पॅलेट. मुरलेला पदार्थ रंध्यानं निघत नाही, उलट तासताना तो भुशाबरोबर नाकात जातो. वासाची खात्री नसेल तर फळीचा हातभर तुकडा काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तासभर उन्हात ठेवा आणि मग जरा लांबूनच पिशवी उघडा. गरम झाल्यावर लपलेला वास बाहेर येतो. रसायनांनी माखलेली वेष्टनं घातक कचऱ्यात मोडतात, ती कारखान्यालाच परत करावीत.

७. लाकूड कोणतं आहे हे ओळखायचं कसं?

फळीच्या रंगावर जाऊ नका. दोन वर्षं उन्हापावसात राहिलेलं कुठलंही लाकूड सारखंच करडं दिसतं. आधी फळीचं टोक बघायचं, मग वजन, मग वास आणि शेवटी लोखंडाची चाचणी.

*टोक.* करवतीनं १ सेंटीमीटर कापून टाका. नव्या कटर पात्यानं आडव्या छेदावरचा नखाएवढा भाग गुळगुळीत तासा. थोडं पाणी लावून घड्याळजी वापरतात तसल्या दहापट भिंगातून पाहा. पातं बोथट असेल तर तंतू दबतात आणि काहीच दिसत नाही.

छिद्रं मुळीच नाहीत, नुसती फिकट आणि गडद वलयं आहेत, तर ते सूचिपर्णी लाकूड. गडद पट्ट्यात राळेच्या नळ्यांचे ठिपके सहज दिसले आणि कापताना टर्पेंटाइनचा वास आला तर पाइन. लाकूड पांढुरकं, गाठी लहान आणि कडक, ठिपके तुरळक असतील तर स्प्रूस. युरोपातल्या पेट्यांत ते फार असतं. ठिपके अजिबात नसतील तर फर. पाइनमध्येही फरक असतो. वलयं चांगली रुंद आणि लाकूड मऊ असेल तर लागवडीतलं रेडिएटा पाइन. वलयांचे गडद पट्टे नखाला लागतील इतके टणक आणि फळी जड असेल तर अमेरिकेचं सदर्न यलो पाइन किंवा आपलं हिमालयातलं चीर.

छिद्रं दिसली तर ती कशी पसरली आहेत ते बघा. वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची स्पष्ट रांग असेल तर ओक, ॲश किंवा साग. ओकमध्ये केंद्राकडून बाहेर जाणाऱ्या जाड रेषा नुसत्या डोळ्यांनी दिसतात. तशाच जाड रेषा सिल्व्हर ओकमध्येही असतात, पण तिथे छिद्रांची रांग नसते आणि फळीच्या अंगावर जाळीसारखी चमकदार नक्षी उमटते. छिद्रं सगळीकडे सारखी विखुरलेली असतील तर आंबा, रबर, नीलगिरी, बाभूळ, पॉप्लर यांपैकी काही. रबराचं लाकूड मलईसारखं फिकट असतं आणि फळीवर छिद्रांच्या बारीक तपकिरी रेघा दिसतात. नीलगिरी लालसर, जड आणि खिळ्यापाशी चिरलेली असते. बाभळीचा गाभा लालसर तपकिरी, भोवती पिवळट पांढरा पट्टा. पॉप्लर पांढरं, हलकं, कापल्यावर लोकरीसारखे तंतू उठणारं.

*वजन.* चौकोनी, कोरडी फळी मोजा. लांबी, रुंदी आणि जाडी सेंटीमीटरमध्ये घेऊन गुणाकार करा आणि ग्रॅममधल्या वजनाला त्यानं भागा. १०० × ९.५ × २ ची फळी म्हणजे १,९०० घनसेंटीमीटर. वजन ९५० ग्रॅम असेल तर उत्तर ०.५, म्हणजे घनमीटरला ५०० किलो. साधारण अंदाज असे: पॉप्लर आणि स्प्रूस ४०० ते ४५०, रेडिएटा पाइन ५०० च्या आसपास, चीर ५५० ते ६००, रबर, आंबा आणि साग ६०० ते ७००, ओक ७०० ते ७५०, बाभूळ ८०० च्या आसपास, नीलगिरी ७०० ते ९००. ओली फळी मोजलीत तर सगळे आकडे फसवतील. आधी प्रश्न १३ बघा.

*लोखंड.* पांढऱ्या व्हिनेगरमध्ये स्टील वूलचा (लोखंडाच्या बारीक तारांचा) गोळा दोन-तीन दिवस बुडवून ठेवा. झाकण सैल ठेवा, वायू सुटतो. हे पाणी तासलेल्या जागेवर लावलं की टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असलेलं ओक किंवा बाभूळ काही मिनिटांत निळसर काळं पडतं. पाइन आणि पॉप्लर फक्त करडे होतात. हीच गोष्ट पॅलेटवर आयती दिसते: खिळ्याभोवती शाईसारखं काळं वर्तुळ असेल तर टॅनिनचं लाकूड समजा.

विक्रेता "जंगलवूड" म्हणाला तर ती लाकडाची जात नव्हे. मिसळ टणक लाकडांना दिलेलं ते व्यापारी नाव आहे. एकाच पॅलेटमध्ये पाच फळ्या पाच जातींच्या निघू शकतात, त्यामुळे प्रत्येक फळी स्वतंत्र तपासा.

८. शिक्क्यावर देश लिहिलेला आहे. मग लाकूड त्याच देशातलं ना?

नेहमी नाही. लाकडावर प्रक्रिया कुठे झाली एवढंच तो कोड सांगतो. भारतात आयात लाकडाचा मोठा भाग कांडला बंदरात उतरतो आणि गांधीधामच्या गिरण्यांत चिरला जातो. त्यामुळे आयएन शिक्क्याच्या पॅलेटमध्ये न्यूझीलंडचं पाइन निघणं नेहमीचंच. पुरावा म्हणून कोड कच्चा असला तरी दिशा दाखवायला चांगला आहे: डीई असेल तर स्प्रूस, एनझेड असेल तर रेडिएटा, व्हीएन असेल तर ॲकेशिया किंवा रबर, यूएस असेल तर यलो पाइन किंवा ओक, सीएन असेल तर पॉप्लरचे थर चिकटवलेले दांडे. तिथून सुरुवात करा आणि खात्री फळीच्या टोकावर करा.

९. पेटी सोनेरी तपकिरी आहे. साग असेल का?

फार क्वचित. सागाला जी किंमत मिळते ती पाहता पॅकिंगला कुणी तो वापरत नाही. व्हिएतनामचं ॲकेशिया, रंग दिलेलं रबर आणि नीलगिरी यांनाच साग समजलं जातं. खऱ्या सागाच्या ताज्या तासलेल्या पृष्ठभागाला किंचित तेलकट स्पर्श असतो, चामड्यासारखा वास येतो आणि टोकाला मोठ्या छिद्रांची रांग दिसते. तिन्ही गोष्टी जुळल्या तरच साग म्हणा.

१०. फळ्या न फुटता पॅलेट खोलायचं कसं?

फळ्या फुटतात कारण पॅलेटचे खिळे साधे नसतात. त्यांच्या अंगावर पीळ किंवा कडी असतात आणि त्या लाकडाला धरून ठेवतात. टोकाच्या फळीखाली कटावणी घालून उचकटलं की खिळा जागचा हलत नाही आणि फळीच उभी चिरते. खडखडीत वाळलेली फळी तर लवकरच फुटते. किंचित दमट असलेली जास्त सहन करते.

सर्वांत कमी नुकसान खिळे कापण्यात होतं. पुढेमागे चालणारी यांत्रिक करवत घ्या. तिला २२५ ते ३०० मिलिमीटर लांबीचं, इंचाला ८ ते १० दातांचं, लाकूड आणि लोखंड दोन्ही कापणारं बायमेटल पातं लावा. फळी आणि खालचा दांडा यांच्यामध्ये पाचर ठोकून ३ मिलिमीटर फट पाडा, पातं त्यात सरकवा आणि वेग कमी ठेवा. वेग वाढवलात की पातं तापून दात जातात. सगळे खिळे कापले की फळी सुटी होते. खिळ्याचं डोकं आणि तुकडा फळीत राहतो. तो मागच्या बाजूनं ३-४ मिलिमीटरच्या पंचानं ठोकून बाहेर काढा.

यंत्र नसेल तर पॅलेट उलटं ठेवा. फळीला खालून, दांड्याला अगदी लागून, लाकडी ठोकळा धरा आणि त्यावर किलोभराचा हातोडा मारा. एका जागी जोर लावायचा नाही: पहिला दांडा, दुसरा, तिसरा, परत पहिला, अशी फळी दर फेरीला ४-५ मिलिमीटर वर येऊ द्या. बोटभर वर आली की उलट ठोकून खाली बसवा. खिळ्यांची डोकी वर राहतात आणि ती जंबुरानं ओढता येतात.

तिसरी पद्धत झटपट आहे: दांड्याला किंवा ठोकळ्याला लागून गोल करवतीनं फळी कापायची. पण १२०० × ८०० मिलिमीटरच्या युरो पॅलेटमध्ये ठोकळ्यांमधलं मोकळं अंतर जेमतेम ३८ सेंटीमीटर भरतं. त्यातून खोके आणि स्टूल होतील, टेबलाची फळी होणार नाही.

जाड हातमोजे, बंद बूट आणि चष्मा तिन्ही पद्धतींत हवाच. कापलेला खिळा उडतो.

११. एका पॅलेटमधून किती लाकूड निघतं?

युरो पॅलेटचं उदाहरण घेऊ, कारण त्याची मापं ठरलेली आहेत: ११ फळ्या, ९ ठोकळे, ७८ खिळे, वजन साधारण २५ किलो. फळ्या २२ मिलिमीटर जाडीच्या, १४५ आणि १०० मिलिमीटर रुंदीच्या. सगळ्या फळ्या मिळून अंदाजे १.१८ घनफूट लाकूड होतं. फुटलेली टोकं कापून आणि रंधा मारून जाडी १७-१८ मिलिमीटरवर येते, तेव्हा हातात पाऊण घनफुटाच्या आसपास उरतं. ठोकळे बरेचदा भुसा दाबून केलेले असतात, ते धरू नका.

इतर पॅलेटचा हिशोब असा करा: फुटातली लांबी × इंचातली रुंदी × इंचातली जाडी ÷ १४४. चार फूट लांब, ४ इंच रुंद, पाऊण इंच जाड फळी म्हणजे १२ ÷ १४४. अशा १२ फळ्या झाल्या की एक घनफूट. वखारीतल्या नव्या पाइनच्या दराशी तुलना करताना खिळे काढायचे तासही मोजा. फुटक्या, अरुंद फळ्यांच्या पॅलेटमध्ये ते परवडत नाही, त्यापेक्षा जाड दांड्यांची यंत्राची पेटी घ्या.

१२. खिळे काढले, तरी रंधा मशीनचं पातं तुटलं. असं का?

आत तुटलेला खिळा किंवा स्टेपलची पिन राहिली असणार. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून सावकाश फिरवा. जिथे ते ओढलं जाईल तिथे खडूनं खूण करा. पिना लेबलच्या जागी आणि प्लास्टिकच्या पट्टीखाली जास्त असतात. आत रुतलेला तुकडा निघत नसेल तर त्याभोवती १० मिलिमीटरचं पोकळ ड्रिल चालवून गाभाच काढा आणि त्याच लाकडाची गुल्ली सरसानं बसवा. त्याआधी तारेच्या ब्रशनं फळ्या घासा. पॅलेट जमिनीवर ओढलेलं असतं आणि चिरांत बसलेली वाळू खिळ्याइतकीच पात्याची धार घालवते.

१३. एचटी म्हणजे लाकूड सुकलेलं ना?

नाही. ही चूक सर्वांत महागात पडते. ५६ अंशांना अर्धा तास तापवलेलं लाकूड आतून चक्क ओलं असू शकतं, कारण मानकात ओलाव्याची अटच नाही. अशा फळ्या लगेच जोडल्या तर महिन्याभरात सांधे उघडतात आणि फळी पाठ वाकवते.

सुकवायला सावलीची, वारा खेळणारी जागा निवडा. फळ्यांच्या थरांमध्ये २० मिलिमीटर जाडीच्या काठ्या दर ४० ते ४५ सेंटीमीटरवर, एकावर एक सरळ रेषेत येतील अशा ठेवा. वर वजन द्या. टोकांना जुना ऑइल पेंट लावा, नाहीतर ओलावा टोकांतून पटकन जाऊन तिथे भेगा पडतात. एक फळी खुणेची ठरवून दर आठवड्याला तोला. लागोपाठ दोन आठवड्यांत फरक एक टक्क्यापेक्षा कमी आला की फळ्या तिथल्या हवेशी जुळल्या. अचूक आकडा हवा असेल तर छोटा तुकडा तोलून, भट्टीत सुमारे १०३ अंशांना वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. ६२ ग्रॅमचा तुकडा ५० ग्रॅम झाला तर ओलावा १२ ÷ ५०, म्हणजे २४ टक्के.

पुण्याकडे १० ते १२ टक्के चांगले. कोकणात पावसाळ्यात लाकूड १६ च्या खाली सहसा जात नाही. रत्नागिरीत जुलैमध्ये केलेलं टेबल मे महिन्यात नागपूरला गेलं की ते आकसणारच. तेव्हा टेबलाची फळी खालच्या चौकटीला सरसानं न चिकटवता लांबट भोकांतून स्क्रूनं धरा, म्हणजे तिला हलायला जागा मिळते.

१४. फळीतून पांढरं पीठ पडतं. वाळवी आहे का?

वाळवीनं मातीच्या नळ्या दिसल्या असत्या. मैद्यासारखं बारीक पीठ आणि १-२ मिलिमीटरची गोल भोकं हे लाकूड पोखरणाऱ्या छोट्या भुंगेऱ्याचं काम आहे. तो मोठी छिद्रं आणि स्टार्च असलेल्या लाकडात, म्हणजे रबर, आंबा आणि इतर टणक लाकडांच्या सालीलगतच्या पांढऱ्या भागात अंडी घालतो. पाइनला तो लागत नाही. भोकं आहेत पण पीठ नाही, कडा काळवंडलेल्या आहेत, तर कीड जुनी आणि मेलेली असू शकते. खात्रीसाठी फळी झटकून काळ्या कागदावर दोन आठवडे ठेवा. ताजं पीठ पडलं तर आत जीव आहे.

एचटीचा शिक्का असूनही हे होतं. उष्णतेनं त्या वेळची कीड मरते, पण लाकडात पुढच्या किडीला अडवणारं काहीच राहत नाही.

उपाय: पांढरा भाग कापून टाका. उरलेल्या फळीला १० लिटर कोमट पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून दोन-तीन हात द्या. एक हात वाळायच्या आत पुढचा लावा, म्हणजे द्रावण आत मुरतं. हातमोजे घाला, मुलांना आणि जनावरांना लांब ठेवा. हे मीठ पावसानं धुऊन जातं, म्हणून घरातल्या सामानापुरतंच उपयोगाचं आहे.

१५. पाइनवर निळसर काळे पट्टे आहेत. सडलं का?

ही निळी बुरशी आहे. ती लाकडातली साखर खाते, तंतू खात नाही, त्यामुळे ताकद जवळपास तशीच राहते. घासून पूर्ण जात नाही. दिसायला नको असेल तर मागच्या बाजूला वापरा. सडलेलं वेगळं असतं: पेचकसाचं टोक सहज रुततं आणि लाकूड चौकोनी तुकड्यांत तुटतं. ते ठेवू नका.

१६. बाल्कनीत किंवा बागेत वापरलं तर किती टिकेल?

पाइन, रबर, आंबा आणि पॉप्लर मातीला लागले की आपल्या पावसाळ्यात लवकर कुजतात. बाहेर वापरायचंच असेल तर बाभळीचा गाभा निवडा. पाय जमिनीपासून वर, विटेवर किंवा पत्र्याच्या बुटात ठेवा आणि आडव्या पृष्ठभागाला उतार द्या. कोकणात एवढं करूनही दरवर्षी तेल लावावं लागेल. जवसाचं तेल लावलेली चिंधी घडी करून ठेवू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून उघडी पसरून वाळवा.

१७. फळ्या हिरवट दिसतात आणि जड आहेत. घ्याव्यात का?

पुस्तकांच्या किंवा खाटेच्या कामाला मुळीच नाही. कूलिंग टॉवर आणि काही जड यंत्रांच्या चौकटींचं पाइन तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या मिश्रणानं दाबाखाली भिजवलेलं असतं. हिरवट छटा त्याचीच. तासलं तर भुशात आर्सेनिक येतं आणि जाळलं तर राखेत. नुसत्या शेवाळाचा हिरवा रंग ओल्या ब्रशनं निघतो, हा निघत नाही आणि कापल्यावर आतही दिसतो.

१८. उरलेले तुकडे चुलीत किंवा बंबात घालू का?

एचटीचे, बिनरंगाचे, बिनडागाचे सुटे लाकडी तुकडे चालतील. प्लाय, दाबून केलेले ठोकळे, रंगवलेलं, एमबीचं आणि प्रश्न १७ मधलं हिरवट लाकूड कधीच नाही. राखेत खिळे उरतात. ती राख बागेत टाकण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवा.

१९. पोळपाट, चॉपिंग बोर्ड, मुलांची खेळणी करता येतील?

पोळपाट आणि चॉपिंग बोर्ड नकोत. फळीवर पूर्वी काय सांडलं होतं हे सिद्ध करता येत नाही आणि पाइनच्या मऊ पट्ट्यांत पीठ-पाणी अडकतं. खेळणी करायची तर एचटीचं, आतून स्वच्छ कापलेलं लाकूड घ्या. कडा गोल करा, ८०, १२० आणि १८० नंबरच्या कागदानं क्रमानं घासा. घासताना एन-९५ मास्क लावा.

२०. पुस्तकांची मांडणी करायची आहे. किती अंतरावर आधार द्यावा?

१८ मिलिमीटरच्या पाइनला ६० सेंटीमीटरच्या पुढे आधाराशिवाय जाऊ नका, फळी झोळ देते. मोठी गाठ मधोमध येऊ देऊ नका. ८ नंबरच्या स्क्रूसाठी पाइनमध्ये २.५ आणि बाभूळ-नीलगिरीत ३ मिलिमीटरचं भोक आधी पाडा. टणक लाकडात न पाडता स्क्रू घुसवला की टोक चिरतं किंवा स्क्रूचं डोकं तुटतं.

२१. आमचा छोटा कारखाना आहे. जुन्या शिक्क्याच्या फळ्यांची पेटी बनवून माल परदेशी पाठवला तर चालेल का?

तशीच नाही. पॅलेटचे साधारण एक तृतीयांशपर्यंत भाग बदलले तर ती दुरुस्ती धरली जाते, आणि बदललेलं लाकूडही प्रक्रिया केलेलंच लागतं. त्याहून जास्त बदल झाला, किंवा सुट्या फळ्यांतून नवी पेटी केली, तर जुने सगळे शिक्के नाहीसे करावे लागतात, पूर्ण पेटीवर पुन्हा प्रक्रिया करावी लागते आणि नवा शिक्का घ्यावा लागतो. तो शिक्का भारत सरकारच्या वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालयानं मान्यता दिलेल्या केंद्रालाच मारता येतो. वेगवेगळ्या देशांचे शिक्के असलेल्या फळ्यांची पेटी परदेशातल्या बंदरावर पहिल्या नजरेत पकडली जाते. मग माल अडतो, परत येतो किंवा पेटी तिथेच नष्ट केली जाते आणि खर्च पाठवणाऱ्यावर पडतो. माल तातडीचा असेल तर पेटी प्लायची करा. तिला शिक्का लागत नाही, पण खालचे आधाराचे दांडे सरळ लाकडाचे ठेवलेत तर त्यांना लागतो. तेही थर चिकटवलेल्या प्लायचेच घ्या.